लवंगेच्या वासाचा सापळा

माझ्या शेजाऱ्याने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गल्लीत गोष्ट उलटी सांगितली जाते. मी हट्टाने मागितलं आणि त्या सभ्य माणसाने नाइलाजाने दिलं, असं लोक म्हणतात. ते सोयीचं आहे, पण खरं नाही.

आमचं गाव जर्मनीत, स्विस सीमेच्या अलीकडे. घराच्या मागच्या भिंतीवर द्राक्षाची वेल आहे, ती बायकोने लावली. तिचं माहेर निफाडकडचं, द्राक्षबागेतलं. इथे सगळी टेकडीच द्राक्षांची असताना घरी आणखी एक वेल कशाला, असं मी म्हणालो होतो. ती म्हणाली, "अहो, ती त्यांची. ही माझी." मार्चमध्ये छाटणी केली की कापलेल्या टोकातून पाणी ठिबकायचं. ती मला हाताला धरून बाहेर न्यायची. "बघा, रडतेय. म्हणजे जिवंत आहे." आणि दिवेलागण झाली की झाडाला हात लावू द्यायची नाही. इथल्या उन्हाळ्यात दिवेलागण होते कधी, यावरून आम्ही भांडायचो.

दोन हिवाळ्यांपूर्वी ती गेली. तिला लवंग चघळायची सवय होती. पर्समध्ये, कोटाच्या खिशात, गाडीच्या कप्प्यात, सगळीकडे लवंगा. ती गेल्यावर काही महिने घराला तो वास होता. मग एके दिवशी मी कामावरून आलो, दार उघडलं, आणि वास नव्हता. मी कपाटातले तिचे कोट एकेक करून हुंगले. नव्हता.

शेजारी निवृत्त आहे, गुलाबांचा शौकीन. त्याची शिडी परत करायला मी त्याच्या बागेतल्या लाकडी खोलीत गेलो, तर फळीवर एक पिवळं नरसाळं आणि त्याखाली पिशवी, अशी वस्तू पडलेली. आणि वास. गुलाब, आणि त्याच्या आत लवंग. मी शिडी हातात धरून तसाच उभा राहिलो.

"हे काय आहे?"

"जपानी भुंगेऱ्यांचा सापळा. माझ्या मेव्हण्याने इटलीतून आणला. आतली वासाची पुडी त्यांना ओढते."

भुंगेरे मी त्या आठवड्यात वेलीवर पाहिले होते. हिरवं डोकं, तांब्याच्या रंगाची पाठ, कडेला पांढरे ठिपके. मी उसाच्या पट्ट्यात वाढलेला माणूस, मला हुमणी, उसाची मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी, माहीत आहे. आमच्याकडे भुंगेरे निघाले की गावभर दिव्यांचे सापळे लागत. बाया-माणसं कडुनिंबाच्या फांद्या हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकत. सापळा म्हणजे इलाज, यात मला शंका नव्हती.

"मला द्या," मी म्हणालो.

"नको. ते तुमच्यासाठी नाही."

माझं सगळं आयुष्य जुन्या मशीनच्या खरेदी-विक्रीत गेलंय. इचलकरंजीत यंत्रमागाचे सुटे भाग विकत मी मोठा झालो. इथे दुसऱ्याच्या लेथवर उभा राहून शेवटी स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं. जो विकणारा पहिल्या झटक्यात 'नको' म्हणतो, त्याला विकायचंच असतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. मी वाइन देऊ केली. तो म्हणाला, "नाइन, खरंच नको." मग मी माझी हॅमर ड्रिल देऊ केली, जी तो दर वसंतात उसनी नेतो. तो थोडा वेळ खिडकीतून गुलाबांकडे बघत राहिला.

"ड्रिल कायमची?"

"कायमची."

"आल्झो गूट, ठीक आहे. पण मी नको म्हणालो होतो, हे लक्षात ठेवा."

मी जिंकल्याच्या आनंदात घरी आलो. आयुष्यभर मी प्रत्येक मशीन उलटीपालटी करून, बेअरिंग कानाला लावून घेतली आहे. या एका वस्तूची पिशवी धुतलेली होती. ओलसर होती. ते बोटांना कळलं, डोक्याला नाही. डोकं लवंगेत होतं.

सापळा वेलीजवळ, स्वयंपाकघराच्या दारापाशी टांगला. त्या संध्याकाळी दार उघडं ठेवून ओट्याजवळ बसलो, आणि घराला वास आला. मी दोन कप चहा केला. का केला ते विचारू नका. दुसरा कप समोर थंड झाला आणि मला वाईट वाटलं नाही. भिंतीपलीकडून, वेलीच्या बाजूने, बारीक कुरकुर ऐकू येत होती. ती लवंग चघळायची तेव्हा जवळ बसलं की असाच आवाज यायचा. मी डोळे मिटून ऐकत राहिलो.

सकाळी पाहिलं तर वेल तांब्याची झाली होती. पिशवीत भुंगेरे होते, पण वेलीवर त्याहून जास्त. एकावर एक, पानाच्या प्रत्येक इंचावर, आणि हात जवळ नेला की मागचे पाय वर करून उभे. पानं अजून फांदीवर होती, पण नुसत्या शिरा राहिलेल्या. एक पान तोडून उजेडात धरलं तर पलीकडे शेजाऱ्याचे गुलाब दिसले. स्वच्छ, एकही भुंगेरा नसलेले.

मी साबणाच्या पाण्याची बादली घेतली. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात, फांदीला टिचकी मारली की टपाटप पडतात. रोज सकाळी तेच. संध्याकाळीही पाडता आले असते, पण दिवेलागणीला मी बादली घेऊन बाहेर पडलो की उंबऱ्यावर पाय अडायचा. "झोपलेली असते हो ती." कुणी म्हणालं नाही. मला ऐकू आलं. मी आत येऊन दार लावायचो, आणि वास दारातूनही येत राहायचा.

डार्मश्टाटला राहणाऱ्या माझ्या मुलीने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, "पपा, हा किडा सापडला की कळवावं लागतं. कायदाच आहे." म्हणून मी कळवलं. पीकसंरक्षण कार्यालयातून एक बाई आल्या. त्यांनी सापळा पाहिला आणि आधी हातमोजे घालून ती पुडी काढून डबीत बंद केली. वास थांबला. मला ओरडावंसं वाटलं, राहू द्या म्हणून.

"हा तुम्ही लावलात?"

"शेजाऱ्याकडून घेतला."

"असे सापळे आम्ही फक्त किडा कुठवर आलाय हे बघायला लावतो. घरच्या बागेत हा लावला की आजूबाजूचे सगळे भुंगेरे इथे येतात. थोडे आत पडतात. बाकीचे जवळ जे झाड असेल ते खातात."

"म्हणजे शेजाऱ्याच्या गुलाबांवरचेही?"

"गेनाऊ, अगदी बरोबर."

मी तसाच कुंपणाशी गेलो. दुपारची, इथे शांतता पाळायची वेळ होती, आणि माझा आवाज वर्कशॉपमध्ये कमावलेला आहे. सगळ्या खिडक्यांत माणसं आली.

"तुम्ही हा आधी लावून पाहिला होतात. हो की नाही?"

तो कात्री हातात घेऊन उभा होता. "एक दिवस. माझे गुलाब खाल्ले. म्हणून काढला."

"आणि मला दिलात?"

"मी नको म्हणालो होतो. तुम्ही ऐकलं नाहीत."

"का नको, ते कुठे सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

भुंगेरे सापडल्याचं त्याने कार्यालयालाही कळवलं नव्हतं. गल्लीत मात्र माझ्या ओरडण्याचीच चर्चा झाली. ड्रिल त्याच्याकडे आहे. परवा ती भिंतीत घुसल्याचा आवाज मी ओळखला.

या मार्चमध्ये मी वेल छाटली. तिने शिकवली होती तशी, दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवून. डावीकडच्या कोवळ्या फांदीतून पाणी आलं. उजवीकडची जुनी फांदी, तिने पहिल्या वर्षी तारेला बांधलेली, कोरडी. मी खाली वाटी ठेवली. दुसऱ्या दिवशी वाटीत धूळ होती. आतून लाकूड तपकिरी झालंय. तिच्या सुतळीची गाठ अजून तारेवर आहे. संध्याकाळी मी दार उघडून बसतो. वास नाही, आवाजही नाही. गेल्या उन्हाळ्यात त्या वासातून ती माझ्या घरी आली होती आणि मीच तिची वेल भुंगेऱ्यांना खायला घातली, असं काहीसं डोक्यात येतं. मग मला कुंपणापलीकडचे गुलाब दिसतात आणि राग येतो, आणि रागात निदान श्वास घेता येतो.

ड्रिल मला परत नको. त्याने एकदा फाटक उघडून माझ्या बाजूला यावं. उजेड असताना यावं, दिवेलागणीनंतर नाही. त्या वाळलेल्या फांदीला हात लावावा आणि माझ्याकडे बघून माझ्या एवढ्या प्रश्नाचं उत्तर द्यावं: मी त्या खोलीत वासाकडे तोंड करून उभा होतो, तेव्हा माझं काय झालं होतं ते तुम्हाला दिसलं होतं. पुढे काय होणार तेही माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. ते का बोलला नाहीत?