माटी खास

नव्वदच्या दशकात सुरतेला, गोडादऱ्यातल्या कुपोषित मुलांच्या पोषण केंद्रात परदेशातून एक नर्स स्वयंसेवक म्हणून आली. मला मराठी येतं म्हणून मी तिची दुभाषी झाले. पण तिथल्या बायका खानदेशच्या, अहिराणी बोलणाऱ्या आणि मी पुण्याची.

नर्सने एका आईला मुलाची तक्रार विचारली.

"मना पोऱ्या माटी खास," आई म्हणाली.

मला 'माटी खास' एवढंच कळलं. "यांच्या गावची माती खास आहे," मी इंग्रजीत गहिवरून सांगितलं. नर्सने भक्तिभावाने हात जोडले.

तेवढ्यात पोराने भिंतीचा पोपडा काढून तोंडात घातला. तेव्हा कुठे मला कळलं, अहिराणीत 'खास' म्हणजे 'खातो'. नर्स पोराच्या तोंडात बोट घालायला धावली.

आईने माझ्याकडे बघत शेजारणीला विचारलं, "ह्या बाईले मराठी येत नही का?"