मधल्या भिंतीचे चिरे

तुळसा भांडखोर म्हणून साऱ्या वाडीला माहीत होती, आणि ते काही खोटं नव्हतं. नवरा गेल्यापासून तिने एकच ध्यास घेतला होता, दीर गुरुदासाला घरातली वीतभर जागाही गिळू द्यायची नाही. सासऱ्याचं जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं घर मधोमध वाटलेलं. एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला गुरुदास आणि त्याची बायको कावेरी. भांडण होतं ते मधल्या भिंतीवरून. भिंत मातीत रचलेली, सांधे पोखरून गेलेले. तुळसाने सिमेंट भरायला गवंडी आणला की गुरुदास त्याला हाकलायचा, आणि गुरुदासाने आणला की ती. जो दुरुस्त करील त्याचीच भिंत ठरेल, ही दोघांनाही धास्ती. शेवटी केस कोर्टात गेली आणि भिंतीला कुणीच हात लावीना.

भूकंप आला तो सकाळी, भाकऱ्या चालू असताना. तसा फार मोठा नव्हता. सिमेंटच्या घरांना नुसते तडे गेले. पण वाडीत मातीत रचलेली घरंच जास्त. कुणाचा गोठा बसला, कुणाची पडवी. इथे मधली भिंत कोसळली.

तुळसा अंगणात पळाली आणि धूळ बसल्यावर परत आत आली. गुरुदास कमरेपर्यंत चिऱ्यांखाली गाडला गेला होता. त्याला तसा बघून तिला आधी बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मग ती वाकली.

"हात लावू नको वयनी," तो कण्हत म्हणाला. "भिंत सामायिक आसा. केस चालू आसा."

"मेल्या, पाय जातले तुझे."

"जांवदेत."

तिचं डोकं फिरलं. तिने एक चिरा ओढून काढला आणि आपल्या चुलीकडे ढकलला. मग दुसरा. दिराला सोडवायचं होतं की चिरे मिळवायचे होते, असं कुणी विचारलं असतं तर तिने त्यालाच फाडून खाल्लं असतं.

कावेरी परसातून रडत धावत आली आणि नवऱ्याजवळ बसली.

"माका मगे बघ," गुरुदास दात आवळून म्हणाला. "ती चिरे नेता. आदी ते आपल्या बाजूक घे."

कावेरीने डोळे पुसले आणि पदर खोचला.

शेजारचा बाबली माणसं घेऊन आला तेव्हा दोघी जावा घामाघूम होऊन चिरे ओढत होत्या, एक इकडे, एक तिकडे, आणि गुरुदास मधे पडून मान वळवून वळवून बघत होता. छप्पर कधीही खाली येईल म्हणून बाबली दारातूनच त्यांना बाहेर बोलवत राहिला. जमीन पुन्हा हलली. वरचे वासे करकरले. दोघींपैकी कुणीही हातातला चिरा सोडला नाही.