गाडीसाठी घेतलेला मोठा हीटर

आमच्या माहेरी कुठलीही वस्तू नेमक्या मापाची घेत नसत. फ्रॉक वाढत्या अंगाचा, खाली चार बोटं दुमड घातलेला. चपला एक नंबर मोठ्या, पुढे कापूस कोंबलेला. मोठं असलं की कमी करता येतं, असं आई म्हणायची, आणि तिची ही अक्कल मी लग्नानंतर रत्नागिरीहून थेट जयपूरला घेऊन आले.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. हे केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. एक बंद गाडी घेऊन खेडोपाडी फिरायचं आणि लोकांना पडद्यावर देवीच्या लशीचे, विहिरीच्या पाण्याचे माहितीपट दाखवायचे, हे काम. महिन्यातले वीस दिवस दौरा. गाडीच्या मागच्या भागात यंत्राच्या पेट्या आणि त्यांच्यामध्ये एक बाकडं. त्यावर हे झोपत. ड्रायव्हर पुढे आपल्या सीटवर, घोंगडी गुंडाळून. मी आणि आमची तीन वर्षांची मुलगी जयपूरच्या सोडाला भागातल्या दोन खोल्यांत वाट बघत बसायचो.

थंडी म्हणजे काय हे आम्हा कोकणातल्यांना काय ठाऊक? यांचा दौरा असायचा त्या शेखावाटी भागात बादलीतलं पाणी गोठतं हे मला थापच वाटली होती. पहिल्याच हिवाळ्यात हे दौऱ्यावरून न्यूमोनिया घेऊन आले. महिनाभर अंथरुणात होते. डॉक्टर म्हणाले, डावं फुप्फुस कमजोर झालंय, पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही. नोकरी तर सोडता येत नव्हती. मला त्या परमुलखात विधवा व्हायचं नव्हतं, इतकं साधं होतं ते. पुढच्या दिवाळीनंतर मी गाडीसाठी हीटर घ्यायचं ठरवलं.

ड्रायव्हरच मला चारदीवारीत, तटाच्या आतल्या जुन्या शहरात, घेऊन गेला. चाळिशीचा, शेखावाटीतलाच माणूस, बोलायला बेताचा. आमच्या आमटीला तो 'मीठी दाल' म्हणायचा आणि दोन वाट्या प्यायचा. एका बोळात लष्कराच्या लिलावातलं सामान विकणारं दुकान होतं. तिथे रॉकेलवर चालणारे, वातीचे दोन हीटर होते. एक तुपाच्या डब्याएवढा, दुसरा माझ्या कमरेला लागेल एवढा.

"कमरा कितना बड़ा है?" दुकानदारानं विचारलं.

"कमरा नहीं, गाड़ी है," मी म्हटलं, आणि हात पसरून लांबीरुंदी दाखवली.

त्यानं लहान हीटर पुढे सरकवला. "इतना बहुत है. बड़ावाला इतनी सी जगह में पूरा जला नहीं पाओगी. बत्ती नीची रखोगी तो धुआँ देगा, गैस करेगा."

"छोटो ही घणो है, बाईजी," ड्रायव्हरही म्हणाला.

मला वाटलं, लहान हीटर खपत नसेल, म्हणून गळ्यात मारतोय. आणि ड्रायव्हरला काय, त्याला गाडीत जागा हवी असेल. मी मोठाच घेतला. दोघा पुरुषांना गप्प केल्याचा मला आनंद झाला होता, हे कबूल करते.

घरी आल्यावर मी गाडीच्या मागच्या भागाला लागले. खिडक्यांच्या, दाराच्या फटींतून वारा येत होता. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून, त्यांत कापूस भरून मी प्रत्येक फट बुजवली. खिडक्यांवर गोधडीचे तुकडे ताणून त्या पट्ट्यांना शिवून टाकले. ड्रायव्हर उभा राहून बघत होता. "एक खिड़की खुली रखो, बाईजी."

"भैया, मतलब गर्मी बाहर छोड़नी थी तो हीटर किसलिए लाए?" मी दोरा दातानं तोडत म्हटलं. त्यावर तो हसला आणि गेला.

पहिल्या दौऱ्याहून हे आले ते माझं कौतुक करत. गाडीत इतकी ऊब होते की वात अगदी बारीक करावी लागते, म्हणाले. मी आईची आठवण काढली. बघा, कमी करता येतं की नाही. सकाळी डोकं जड असतं, असंही ते म्हणाले, तर मी कपाळाला बाम लावून दिला. त्यांचे रुमाल धुताना काळं पाणी निघालं. रस्त्याची धूळ, दुसरं काय, असं मला वाटलं. एरवी जरा कुठे शिंक आली तर घर डोक्यावर घेणारी मी, काळा रुमाल मात्र मुकाट्यानं धुऊन वाळत घातला.

तिसऱ्या दौऱ्यात एका गावच्या हेडमास्तरांनी यांना आग्रहानं घरी झोपायला नेलं. हे ड्रायव्हरला म्हणाले, आज तू आत झोप, हीटर आहे, पुढे कशाला कुडकुडतोस. सकाळी हे चहा घेऊन गाडीपाशी गेले. दार वाजवून तो उठेना.

दोन दिवसांनी दुपारी हे घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "ड्रायव्हर गेला. गाडीत. हीटर चालू होता."

मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की बाकड्यावर हे नव्हते. मला हायसं वाटलं. मी ते लपवत नाही. मग हातातली कणीक परातीत टाकून मी खाली बसले.

गावानं ठरवलं, पाला मारला, म्हणजे थंडीनं गेला. कचेरीच्या कागदावरही तेच आलं. आतलं छत काजळीनं काळं झालेलं फक्त यांनी पाहिलं होतं, आणि लोक जमायच्या आत माझ्या पट्ट्या गोधडीच्या तुकड्यांसकट उपटून पिशवीत घातल्या होत्या. "कुणाला काही बोलायचं नाही," हे म्हणाले. मी लगेच मान डोलावली.

महिन्याभरानं त्याची बायको कचेरीच्या कागदांसाठी दिराबरोबर जयपूरला आली आणि आमच्या घरीही आली. घुंघटातून हळू बोलत होती. मी चहा दिला. तो घरी गेला की माझ्याबद्दल सांगायचा, म्हणाली. एकदा म्हणाला होता, साहेबांचं डोकं दुखतं, खिडकी उसवून टाकावीशी वाटते, पण बाईजींनी आपल्या हातानं शिवली आहे, त्यांचं मन दुखेल.

मी तिच्या कपात आणखी चहा ओतला. तेवढ्यात तिचं लक्ष यांनी गाडीतून काढून व्हरांड्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली ठेवलेल्या हीटरकडे गेलं.

"बाईजी, वा सिगड़ी थांके काम की कोनी हो तो म्हानै दे द्यो," ती म्हणाली. "टाबर छोटा है, ठंड घणी पड़ै." पोरं लहान आहेत, थंडी फार, तुमच्या कामाची नसेल तर ती शेगडी आम्हाला द्या, असं तिचं मागणं.

एक वाक्य बोलले असते तर संपलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलंसुद्धा. "नहीं," मी म्हटलं, "वो हमें लगता है." तिनं खाली मान घातली. दिरानं माझ्याकडे जे पाहिलं ते मला कळलं. साहेबाची बायको चिकट आहे. मी आत जाऊन आमची नवी रजई आणून तिच्या मांडीवर ठेवली. तिनं ती कपाळाला लावली आणि उठताना म्हणाली, "थांका साहब सौ बरस जीवै."

हे त्यानंतर तीस वर्षं जगले. ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते मला मिळालं. तिच्या गावाला जयपूरहून सकाळची बस जात असे, अडीच तासांचा रस्ता. आणखी तीन वर्षं आम्ही जयपुरात होतो आणि मी त्या बसमध्ये एकदाही बसले नाही.