उजवा हात किंवा कपाळ

माझी आई नर्स होती. मिशनच्या दवाखान्यात तिनं आयुष्यभर बाळंतपणं केली, जखमा बांधल्या, गेलेल्यांचे डोळे मिटले. तिला भ्यायलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. वडील गेल्यावर ती शरणपूर रोडच्या आमच्या घरी राहायला आली. मी शाळेत शिकवते, नवरा सातपूरला कारखान्यात, दिवसभर ती एकटीच. गीतं ऐकायला म्हणून मीच तिला मोठ्या स्क्रीनचा फोन घेऊन दिला.

भीती त्या फोनातून आली असं मी सांगते, पण ती घरात आधीपासूनच होती. माझ्या लहानपणी चर्चच्या मंडळीत बाहेरगावचे प्रचारक यायचे. तुतारी वाजेल, प्रभू एका क्षणात आपल्या लोकांना वर स्वर्गात नेईल आणि मागे राहतील त्यांच्यावर महासंकट येईल, असं ते सांगायचे. शाळेतून आल्यावर घर रिकामं दिसलं की सगळे वर गेले असं वाटायचं. दप्तर तिथंच टाकून मी चर्चचं काम पाहणाऱ्या पाळकांच्या घराकडे पळायची. ते ओट्यावर पेपर वाचत बसलेले दिसले की जीव भांड्यात पडायचा. पाळक अजून इथंच आहेत, म्हणजे काही झालेलं नाही.

पुढे हे सगळं मी विसरले, किंवा विसरले असं मला वाटलं.

मग तिकडे इस्राएलात लढाई पेटली आणि आईच्या फोनवर नकाशे दिसायला लागले. कुणी एक प्रचारक लाल बाण काढून कुठलं राष्ट्र कुणावर चालून येणार ते समजावायचा. मी घरी आले की आई मला पाणी द्यायच्या आधी बातमी द्यायची.

"लाल कालवडी नेल्यात म्हणे तिकडं. मंदिर पुन्हा उभं करायच्या विधीसाठी. ते झालं की शेवट आलाच."

"आई, कालवडींचं काय एवढं?"

"एक केस पांढरा चालत नाही त्यांना. आमच्या कळवणकडं एवढी गुरं होती, तशी एक कालवड मी जन्मात पाहिली नाही. आणि आता बघ, मिळाल्या."

मी हसण्यावारी नेत असे. पण भाजी चिरताना माझे कान त्या आवाजाकडेच असायचे. आमचे नवे पाळक तरुण आहेत, तेही रविवारी उपदेशात लढाया, भूकंप, महागाई एकाला एक जोडून दाखवायचे. काळ थोडा उरलाय, तयार राहा, म्हणायचे. चर्चच्या पायऱ्या उतरताना बायका हलक्या आवाजात बोलायच्या आणि आई माझा दंड घट्ट धरून चालायची.

त्याच दिवसांत तिला चक्कर यायला लागली. आधी तिनं उन्हावर ढकललं, मग जेवणावर. शेवटी मी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ईसीजीची पट्टी तिच्याच हातात दिली, कारण तिला ती वाचता येते. तिनं चष्मा लावून पाहिली आणि घडी घालून परत दिली.

"ठोके मधेच गळतायत, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "पेसमेकर घालावा लागेल. छोटं ऑपरेशन आहे, तुम्हाला मी काय सांगू?"

"नको," आई म्हणाली.

घरी आल्यावर मी विचारलं तेव्हा म्हणाली, "अंगात यंत्र घालायचं. बाहेरून ते वाचता येतं, बदलता येतं. तुला कळत नाही का हे काय आहे?"

मला कळलं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, शेवटच्या काळी येणाऱ्या सैतानी श्वापदाची खूण आहे. ती ज्यानं घेतली तो कायमचा गेला. फोनवरचा प्रचारक रोज तेच सांगत होता, की ती खूण म्हणजे कातडीखाली घालायची चिप.

"आई, ती उजव्या हातावर किंवा कपाळावर असते," मी म्हणाले. "हे डाव्या खांद्याखाली."

"सुरुवात कुठूनही करतील."

जी बाई रुग्णांना दटावून गोळ्या घ्यायला लावायची, तिच्याशी आता मला असलं भांडण करावं लागत होतं. नवरा म्हणाला, "अगं, सरळ उचलून ॲडमिट करू." पण ती शुद्धीवर होती, जाणती होती. तिला जबरदस्तीनं कुठं नेणार? आणि खरं तर मलाही ठाम बोलता येत नव्हतं. तिचं बरोबर असलं तर? जीव वाचवायच्या नादात मी तिला नरकात ढकलत असले तर?

असेच काही आठवडे गेले. एके दिवशी शाळा लवकर सुटली. घरी आले तर दार सताड उघडं. गॅसवर तव्यात भाकरी करपून धूर निघत होता. टेबलावर फोन चालू होता आणि तो प्रचारक ओरडून बोलत होता. खुर्चीपाशी आईच्या चपला, पाय त्यांतून वरच्या वर निघून गेल्यासारख्या, जशाच्या तशा. आई कुठंच नव्हती.

मी हाक मारली नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की झालं. तिला नेलं. मी राहिले. मी तिथंच उभी राहिले. मग खिडकीशी जाऊन शेजारच्या घराकडे पाहिलं. तिथल्या मावशी आमच्याच मंडळीतल्या, प्रार्थनेत कधी खंड न पाडणाऱ्या. त्या गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. चादर झटकल्याचा आवाज आला तेव्हा कुठे मला श्वास घेता आला, आणि मग मी ओरडत मागच्या दारी धावले.

आई धुण्याच्या दगडाशी पडली होती. नळ वाहत होता. कपाळावर खोक पडली होती, ओठ काळेनिळे.

मावशींनी आणि मी तिला रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी हृदयापर्यंत तात्पुरती तार घालून ठोके चालू ठेवले आणि मला बाहेर येऊन सांगितलं, "आता वेळ लावू नका."

पण आई शुद्धीवर आली ती नको म्हणतच. पाळकांना बोलवा, म्हणाली.

पाळक आले. आयसीयूत टोपी आणि गाऊन घातलेले ते शाळकरी पोरासारखे दिसत होते. आईनं सरळ विचारलं, "पाळकसाहेब, ही ती खूण आहे का?"

"नाही, मावशी. खूण म्हणजे श्वापदापुढं वाकणं. तुम्ही कुणापुढं वाकताय?"

"मरणाच्या भीतीपुढं," आई म्हणाली. "भिऊनच घेणार ना हे मी? मग?"

मॉनिटरवरची रेघ मी पाहत होते, कारण त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहवत नव्हतं.

"मला नक्की माहीत नाही, मावशी," पाळक शेवटी म्हणाले. "मी रविवारी बोलतो तेवढं मला माहीत नसतं. मीही घाबरतो. पण माझ्या आईला हे यंत्र लागलं असतं तर मी तिच्या पाया पडून घालायला लावलं असतं."

आईनं डोळे मिटले. प्रार्थना करत होती की रडत होती, कळलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सही कुठं करायची ते आण."

ऑपरेशन नीट झालं. डाव्या खांद्याखाली आता आडवा उंचवटा आहे. आंघोळीनंतर पुसताना ती त्याच्यावरून टॉवेल हळू फिरवते. प्रचारक अजून ऐकते, पण आवाज कमी ठेवून. पाळकांचे उपदेशही थोडे आखूड झालेत. लढाया मात्र थांबल्या नाहीत. उलट एक आपल्याच सरहद्दीवर येऊन ठेपली.

त्या दिवसांत शहरात हवाई हल्ल्याच्या सरावासाठी भोंगा वाजणार अशी सूचना होती. मला ठाऊक होतं, आईलाही सांगितलं होतं. तरी दुपारी भोंगा वाजला तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात जागच्या जागी थिजलो. तो आवाज चढत गेला, उतरला, पुन्हा चढला. आई छताकडे पाहत होती. आम्ही दोघी कशाची वाट पाहत होतो ते एकमेकींना सांगायची गरज नव्हती. मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि माझं मनगट पकडून दोन बोटं नाडीवर ठेवली, दवाखान्यात ठेवायची तशी.

भोंगा थांबला. बाहेर कुत्री भुंकत होती.

"माझे ठोके यंत्र सांभाळतंय," ती म्हणाली. "तुझेच किती पळतायत बघ. खाली बस आधी."