रात्रभर जळणारा दिवा

शब्दकोशाच्या कचेरीत ती एकवीस वर्षं कार्डं लिहीत होती. एका कार्डावर एक शब्द, त्याचं मूळ, अर्थ, आणि प्रत्येक अर्थाखाली कुणीतरी खरोखर लिहिलेलं एक वाक्य. वाक्य मिळेपर्यंत कार्ड अडून राहायचं. सध्या ‘बराक’ अडलं होतं.

मूळ तिने लावलं होतं. शब्द इंग्रजीतून आलेला, तिथे फ्रेंचमधून, त्याच्याही मागे स्पेनकडची कुठलीशी झोपडी. तळाशी ‘चिखल’ या अर्थाचा शब्द असावा, पण पंडितांचं एकमत नाही. अर्थ दोन. सैनिकांची राहण्याची लांबट इमारत. तुरुंगातली कैद्यांची सामाईक खोली. दोन्हींना वाक्य नव्हतं.

पहिल्यासाठी तिने घरून वडिलांचं जुनं पत्र आणलं. वडील तीन वर्षं पलटणीत होते. पुढे जन्मभर त्यांना अंधारात झोप आली नाही. पहाऱ्याची सवय, असं ती कौतुकाने सांगायची. ते जाऊन नऊ वर्षं झाली, तरी त्यांच्या खोलीतला दिवा आई विझवत नसे.

कचेरीतला शिपाई निवृत्त जवान. सगळे त्याला मेजर म्हणत. चहा ठेवता ठेवता त्याने पत्रात डोकावलं. ‘बराकीत चाळीस जण आहोत. रात्रभर दिवा जळतो. बाकी ठीक.’

“बाई, ही कुठली बराक?”

“पलटणीची. माझे बाबा.”

“आमच्याकडे दहाला दिवे बंद. विडी पेटवली तरी हवालदार सात पिढ्या उद्धरायचा!” तो हसला, मग त्याने पत्रातली ओळ पुन्हा वाचली. “रात्रभर दिवा मोजणीसाठी ठेवतात, बाई. माणसं तेवढीच आहेत ना, ते बघायला.”

घरी आई शेंगा सोलत होती.

“आई, बाबा कुठल्या पलटणीत होते?”

“तुझ्या.” आईचे हात थांबले नाहीत. “एकाचं डोकं फोडलं होतं त्यांनी, भांडणात. तू दुसरीत होतीस. पत्रात ‘बराक’ वाचलंस आणि बाबा सैन्यात गेले म्हणून गल्लीभर सांगून आलीस. तुझं तोंड बघून माझी जीभ उचलेना गं.”

“आणि बाबा?”

“परत आले तर तू दारातच सलाम ठोकलास. त्यांनीही ठोकला. काय करणार होते बापडे?”

दुसऱ्या दिवशी तिने पत्रातलं वाक्य दुसऱ्या अर्थाखाली उतरवलं. लेखकाच्या रकान्यात आधी लिहिलेलं ‘सैनिक’ खोडून ‘सुतार’ केलं. वडील सुतारच होते. पहिल्या अर्थाची जागा रिकामीच राहिली.

“द्या इकडे,” मेजर म्हणाला, आणि एकेक अक्षर दाबत त्याने कागदावर लिहून दिलं: ‘आमच्या बराकीत दहाला दिवे बंद होत.’

ती घरी पोचली तेव्हा अजून ऊन होतं. वडिलांच्या खोलीत दिवा जळत होता. तिने बटणापर्यंत हात नेला. मग तोच हात हळूहळू कपाळाशी नेला, आणि उत्तराची वाट पाहत दारात उभी राहिली.