हंबीररावांची डावी बाजू

माणसानं बायकोपासून काय लपवावं याला काही मर्यादा नाही. कुणी बिडी लपवतो, कुणी भिशी. गवळी गल्लीतल्या हंबीररावांनी आठ महिने आख्खा डोळा लपवला होता.

डावा. काचबिंदूनं गेला. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत यायची नाही, आता उजवा सांभाळा आणि रोज थेंब घाला. हंबीररावांनी थेंबांची बाटली म्हशीच्या शिंगांना लावायच्या रंगाच्या डब्यात दडवली, कारण त्या डब्याला चिमणाबाई हात लावत नसत. हे गुपित डॉक्टरांशिवाय एकट्या गैबी मिस्त्रीला माहीत होतं. गैबी म्हणजे त्यांची मोटारसायकल पंचवीस वर्षं उघडून परत जोडणारा जिवलग. त्याच्या पोटात गोष्ट राहते राहते म्हणता चौथ्या दिवशी गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत पोचली. फक्त चिमणाबाईंना पत्ता नाही, असा हंबीररावांचा पक्का समज. पहाटे गोठ्यातून बाहेर येताना डाव्या अंगाची चौकट खांद्याला घासायची, सदऱ्याला चुना लागायचा. तो झटकायचा आणि दुधाची किटली उचलून, शिट्टी वाजवत निघायचं.

एवढी लपवाछपवी कशाला? तर पाडव्यासाठी.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळाला मोरपीस, आणि मालकानं सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर बसून रेस द्यायची. त्या आवाजामागं म्हस सुटते. दोरी नाही, काठी नाही. धुरात आणि गर्दीत पन्नास गाड्या फटफटत असल्या तरी ती आपल्या मालकाची रेस ओळखते आणि मागच्या चाकाला नाक लावून पळते. याला सगर म्हणतात. हंबीरराव विसाव्या वर्षापासून सगराला उतरत होते, आता अठ्ठावन्न झाले. मागची सीट कायम रिकामी, कारण म्हशीला मालकाची पाठ दिसली पाहिजे. म्हणून लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी चिमणाबाई त्या गाडीवर कधी बसल्या नव्हत्या. माहेरी जायला एसटी, दवाखान्याला रिक्षा.

दोन वर्षांपूर्वी याच सगरात चिमणाबाईंचा भाऊ कृष्णात गाडीसकट आडवा झाला. पाय मोडला, अजून लंगडतो. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर चिमणाबाईंनी नवऱ्याला जोतिबाची आण घातली, की हात नाहीतर नजर ज्या दिवशी दगा देईल त्या दिवशी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवायची. हंबीररावांनी मान डोलावली. किल्ली त्यांच्या करदोड्याला बांधलेली असे, अंघोळीलासुद्धा सुटत नसे. आणि यंदा तर त्यांची म्हस चंद्री पहिल्यांदा सगराला उतरणार होती. तिची आई अकरा वर्षं त्यांच्या मागं पळाली होती. चंद्रीच्या कानाला आपली रेस बसवायला त्यांनी दोन वर्षं घातली होती. एवढा पाडवा होऊ दे, मग सांगू, असं ते रोज रंगाच्या डब्याला सांगत.

आणि पाडवा सतरा दिवसांवर असताना मुलगा राजवर्धन पुण्याहून आला. आबा-आईनं अजून समुद्र बघितला नाही याची त्याला एकाएकी लाज वाटायला लागली होती. म्हशी कृष्णातच्या गळ्यात घातल्या, आजऱ्याला काजू घेतले, घाट उतरला आणि संध्याकाळी चौघं समुद्रावरच्या एका लॉजवर जाऊन थडकली. चौथी म्हणजे राजवर्धनची बायको, तेजस्वी. तिनं सगळ्यांना न विचारता दुसऱ्या सकाळची बगीची सफर ठरवून टाकली.

बगी म्हणजे लोखंडी पाइपांचा पिंजरा, खाली चार टरारून फुगलेली चाकं, आत शेजारी शेजारी दोन सीटा. दार नाही, काच नाही. पुढं वाटाड्याची बगी, मागं गिऱ्हाइकांच्या. किनाऱ्यानं उत्तरेला खाडीच्या तोंडापर्यंत जायचं आणि परत यायचं. राजवर्धनचा बेत असा, की आबांना शेजारी बसवून आपण चालवायची. पण तेजस्वीनं हसत हसत म्हटलं, आबा गाडीवाले आहेत, त्यांना कुणी चालवून दाखवायची गरज काय? झालं. आता नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागणार.

एक कागद भरायचा होता. त्यात नजरेचा काही त्रास आहे का, असा प्रश्न होता. हंबीररावांनी 'नाही' लिहिलं, आणि 'ना'चा काना कागदाबाहेर टेबलावर गेला. चिमणाबाई शेजारीच उभ्या होत्या.

वाटाड्या तिथलाच, काळासावळा, मोजकं बोलणारा. त्यानं सांगितलं, आज कोजागिरी, पौर्णिमेची भरती आहे, पाणी झपाट्यानं चढतंय. डाव्या बाजूला लाल झेंडे रोवलेत, त्यांच्या पलीकडं चाक घालायचं नाही, तिथली वाळू गिळते. आणि पुढं धोका दिसला तर मी थांबून दोनदा रेस मारीन, की सगळ्यांनी जिथं आहात तिथंच थांबायचं. हंबीररावांनी मान डोलावली. डावी बाजू म्हटल्यावर त्यांचं सगळं लक्ष त्या झेंड्यांत अडकलं होतं, रेसचं वाक्य कानावरून निघून गेलं.

तेजस्वी सासूला आपल्या बगीत बोलवत होती. चिमणाबाईंनी नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि म्हणाल्या, "न्हाय. मी ह्यांच्याजवळच बसणार." स्टिअरिंग उजवीकडं होतं, त्या डावीकडं बसल्या. पट्टा आवळला. हंबीररावांना वाटलं, म्हातारपणी हिला प्रेमाचं भरतं आलं. एरवी त्यांना बरंच वाटलं असतं. आत्ता बायको नेमकी आंधळ्या बाजूला बसली होती.

पहिला अर्धा मैल बरा गेला. वाटाड्याच्या बगीच्या चाकांच्या खुणा समोर होत्या. पण सूर्य उजवीकडून, माडांच्या शेंड्यांवरून येत होता आणि ओल्या वाळूवर आदळून सरळ चांगल्या डोळ्यात शिरत होता. डाव्या बाजूला तर नुसता करडा धूर, त्यातून समुद्राचा आवाज. हंबीरराव मान डावीकडं वळवून उजव्या डोळ्यानं झेंडा शोधायचे, तोवर समोरच्या खुणा सुटायच्या.

आणि चिमणाबाईंना बडबडीचा झटका आला होता. तो बघा झेंडा, अगदी आपल्या अंगाला हाय. तो बघा दुसरा, लांब हाय. हा मात्र जवळ आला बघा. आयुष्यात झेंडा बघितला नसल्यासारखं चाललं होतं. हंबीररावांनी एकदा गप बस की म्हणून बघितलं, पण गप बसल्या तर पुढचा झेंडा कुठं हे कळणार नाही, म्हणून पुन्हा म्हणाले नाहीत. ती बोलायची आणि त्यांचे हात आपोआप उजवीकडं वळायचे. असं सहा झेंड्यांपर्यंत चाललं.

सातवा झेंडा पाण्यानं आधीच उपटून नेला होता.

त्याच वेळी एक लाट चाकाखाली फुटली आणि खारं पाणी फाडकन चिमणाबाईंच्या तोंडावर आलं. त्या पदरानं डोळे पुसायला लागल्या. बडबड थांबली. हंबीररावांना समोर उन्हाची एक पांढरी भिंत दिसत होती, बाकी काही नाही. वाटाड्या त्या भिंतीच्या पलीकडं कुठंतरी होता. त्यांनी ब्रेककडं पाय नेला.

तेवढ्यात पुढून रेस आली. घर्रर्र, घर्रर्र. दोनदा.

अडतीस वर्षं ज्या माणसानं त्या आवाजाचा एकच अर्थ जनावरांना शिकवला, त्याच्या पायाला दुसरा अर्थ कसा कळणार? मालक थांबून रेस देतो म्हणजे ये, माझ्या मागं ये. पाय ब्रेकवरून उचलला आणि ॲक्सिलेटरवर बसला. हंबीरराव आवाजाच्या दिशेनं सुसाट सुटले. मागून राजवर्धन ओरडत होता, ते त्यांनी ऐकलंच नाही.

वाटाड्या खाडीच्या ओहोळापलीकडं होता. मधे पाणी चढलं होतं. बगी त्यात घुसली, डावी चाकं भसकन खाली गेली, इंजिननं दोन उचक्या दिल्या आणि बंद पडलं. एकदम सगळं शांत झालं. नुसतं पाणी आत येत होतं.

हंबीररावांचा पट्टा सुटला. ते उजव्या बाजूनं गुडघाभर पाण्यात उतरले आणि बगीला वळसा घालून डावीकडं आले. तिथं पाणी मांडीला लागत होतं आणि चिमणाबाईंच्या कमरेच्या वर गेलं होतं. त्यांचा पट्टा निघत नव्हता. कडी पाण्याखाली होती, आत वाळू भरली होती. दुसरी लाट आली तशी बगी आणखी एक वीत कलली. हंबीरराव वाकून, डोळे फाडून गढूळ पाण्यात बघत होते आणि कडी समजून भलतंच काहीतरी ओढत होते.

चिमणाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"बघू नका," त्या म्हणाल्या. आवाज गोठ्यात बोलावं तसा. "आठ महिनं डोळ्यानं काय दिसलंय तुमास्नी त्या अंगाला? हातानं बघा."

पाण्यानं बसला नाही तेवढा धक्का हंबीररावांना या वाक्यानं बसला.

"तुला कुणी सांगितलं?"

"रोज सदऱ्याच्या डाव्या खांद्याचा चुना कोण धुतंय? ते मागनं बोलू. आदी माझी गाठ सोडवा."

हंबीररावांनी दोन्ही डोळे मिटले. पन्नास वर्षं त्यांच्या बोटांनी अंधारात, म्हशीच्या पोटाखाली, न बघता काम केलं होतं. भिजून फुगलेल्या दाव्याच्या गाठी त्या बोटांनी सोडवल्या होत्या, म्हस बुजलेली असताना, लाथा झाडत असताना. बोटं पट्ट्यावरून सरकली. कडी सापडली. अंगठ्यानं वाळू उकरली. पाणी चिमणाबाईंच्या छातीला लागलं. त्या हलल्या नाहीत, तोंडातल्या तोंडात चांगभलं म्हणत राहिल्या. अंगठा आणखी आत गेला, नख उलटलं, आणि कट्कन कडी सुटली.

तोवर वाटाड्या पलीकडून दोर घेऊन पाण्यात शिरला होता, इकडून राजवर्धन. दोघांनी मिळून दोघांना कोरड्या वाळूवर आणलं. बगी मात्र दुपारपर्यंत समुद्रानं आपल्याकडं ठेवून घेतली. तिचं पुढं काय झालं हे राजवर्धन अजून कुणाला सांगत नाही, आणि गल्लीनं सगळ्या वाटांनी विचारून बघितलंय.

वाळूवर बसल्या बसल्या राजवर्धननं विचारलं, आबा, मी एवढा ओरडत होतो, थांबला का नाहीत? तुम्हाला दिसलं नाही का? हंबीररावांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी चिमणाबाई पदर पिळत बोलल्या.

"दिसायचं काय त्यात? त्या माणसानं रेस दिली, हे म्हशीगत पळत गेले."

तेजस्वीला आधी हसू आलं, मग रडू. विषय तिथं मिटला, म्हणजे मुलापुरता मिटला.

खोलीत आल्यावर चिमणाबाईंनी दार लावलं आणि नवऱ्यासमोर हात पसरला. हंबीररावांनी ओल्या करदोड्याची गाठ सोडली. ती गाठ सुटायला पट्ट्याच्या कडीपेक्षा जास्त वेळ लागला. किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. चिमणाबाईंनी ती पदराच्या टोकाला बांधली आणि चहा सांगायला गेल्या. अडतीस वर्षांचा सगर त्या एका गाठीत गेला.

परत आल्यावर हंबीरराव दूध घालत होते, चंद्रीला घासत होते, पण शिट्टी बंद झाली. थेंबांची बाटली आता देवघराच्या फळीवर उघड उघड उभी होती आणि चिमणाबाई सकाळ-संध्याकाळ स्वतः थेंब घालत. किल्लीचा विषय कुणी काढत नव्हतं. गैबी सायलेन्सर काढायला म्हणून पाना घेऊन आला, दोघांची तोंडं बघितली आणि चहा न पिता परत गेला. गैबीनं चहा सोडला, यावरून गल्लीनं ओळखायचं ते ओळखलं. यंदा चंद्रीला कोण पळवणार, यावर पारावर बोलणं सुरू झालं. कृष्णातचं नाव निघालं, पायाकडं बघून मागं पडलं.

पाडव्याला आठ दिवस राहिले. पहाटे हंबीरराव चंद्रीला मोकळ्या माळावर फिरवायला निघाले, तर दारात मोटारसायकल उभी. सायलेन्सर काढलेला. शेजारी चिमणाबाई, काष्टा घट्ट, पदर खोचलेला, हातात किल्ली.

"म्हशीला मालकाची पाठ दिसाय पायजे," हंबीरराव हळू म्हणाले. "तू मागं बसलीस तर बुजंल ती."

"बुजू दे. माझ्या जागेवर पस्तीस वरसं म्हशीच नाचल्यात," चिमणाबाई म्हणाल्या. "मी बसणार. न्हायतर किल्ली परत पदरात."

माळावर धुकं होतं. चंद्री आपल्या जागी उभी राहिली. गाडी सुरू झाली, पन्नास पावलं पुढं जाऊन थांबली. हंबीररावांनी रेस दिली. चंद्रीनं कान टवकारले, पण मालकाच्या पाठीच्या जागी तिला लुगडं दिसत होतं. ती हलेना. हंबीररावांनी दुसऱ्यांदा रेस दिली. काही नाही. अडतीस वर्षांच्या सवयीनं त्यांची मान मागं वळली, तशी चिमणाबाईंनी टाळक्यात एक टपली दिली.

"फुडं बघायचं. मागचं मी बघती, डावीकडचंबी."

हंबीररावांनी मान सरळ केली. तिसऱ्यांदा मूठ पिळली आणि गाडी सोडली. कान मागं, नजर पुढं. वारा, इंजिन, आणि बराच वेळ दुसरं काहीच नाही.

"आली का?" त्यांनी विचारलं.

खांद्यावरचा हात घट्ट झाला, डाव्या खांद्यावरचा. मग मागून जमिनीचा धप धप असा आवाज उठला, जवळ जवळ येत गेला.

"आली," चिमणाबाई म्हणाल्या. "आता डावीकडं खड्डा हाय. उजवीकडनं घ्या."