व्हर्लीनच्या मागे उभे राहिलेले लोक

मेकन गावात व्हर्लीन टिस्डेलला सगळे ओळखत. शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्या हातचं जेवून गावाची अर्धी पोरं मोठी झाली होती. पण तिचा आवाज फारसा कुणी ऐकला नव्हता. चर्चमध्ये ती गाते की नुसतेच ओठ हलवते, यावर तिचा नवरा रॉस्को मित्रांशी पैजा लावायचा.

घरचं धुण्याचं यंत्र बिघडलं म्हणून ती बाजारसंकुलातल्या धुलाईघरात गेली होती. टॉवेलांच्या घड्या घालत असताना बाहेर गाड्यांच्या आवारात दोघांची जुंपली, एकानं पिस्तूल काढलं आणि काच फोडून आलेली गोळी व्हर्लीनच्या खुब्यात शिरली. त्या दोघांना तिनं जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

गोळी झाडणारा पकडला गेला, तुरुंगात गेला. दवाखान्याच्या खर्चाला सरकारी मदतनिधीतून थोडा हातभार लागला. रॉस्कोच्या लेखी प्रकरण तिथं संपलं.

"त्यानं गोळी झाडली, तो आत गेला. आता आणखी काय राहिलं?" तो म्हणाला.

कमिल हारग्रोव्ह नावाच्या वकीलबाईंनी त्याला समजावलं, "तो सरकारचा खटला होता, मिस्टर टिस्डेल. तुमचा वेगळा, बाजारसंकुलाच्या मालकावर भरपाईचा. आवारातले दिवे महिनोन्‌महिने बंद होते, कुंपणाला भगदाड होतं, पहारेकरी मालकानंच काढून टाकला होता. गिऱ्हाइकाला आत बोलावणाऱ्यानं त्याच्या जिवाची वाजवी काळजी घ्यायची असते. पण तिथं आधीही लूटमार झाली होती, म्हणून असं काही घडणार याची मालकाला कल्पना असायला हवी होती, हे आपल्याला दाखवावं लागेल. आणि दोन वर्षांच्या आत दावा लावावा लागेल."

अडचण तिथंच होती. त्या आवारात लुटलं गेलेल्या बहुतेकांनी पोलिसांचं तोंडही पाहिलं नव्हतं.

"मला माहीत आहेत ते कोण," व्हर्लीन म्हणाली. कपडे वाळेपर्यंत बायका एकमेकींना काय काय सांगतात, ते तिनं वर्षानुवर्षं ऐकलं होतं.

मग चार पायांची काठी टेकत ती घरोघर फिरू लागली. रॉस्को गाडीत बसून बघायचा. एकेक पायरी चढताना तिचा चेहरा पांढराफटक पडे. तो मदतीला उतरला की हातानंच 'बस' म्हणून खुणवायची.

चर्चमधल्या ओळखीच्या क्लिओफस पेट न्हाव्यानं दारातच सांगितलं, "सिस्टर, मी काही कोर्टात येणार नाही. मला धंदा करायचाय."

"मी कुठं ये म्हणतेय? मी जाणार आहे, एवढं सांगायला आले."

"या अशा पायानं?"

"दुसरा कुठून आणू?"

क्लिओफस हसला आणि तिला बसायला खुर्ची दिली. गाडीतून तमाले, म्हणजे मक्याच्या पानात उकडलेले उंडे विकणारी, इंग्रजी जेमतेमच कळणारी एल्व्हिरा मात्र हसली नाही. तिच्या गळ्याला सुरी लावून गल्ला नेला होता, आणि तिला कोर्टाची त्या सुरीपेक्षाही जास्त धास्ती होती. व्हर्लीन तिच्याकडे दोन तमाले खाऊन, काहीच न विचारता परत आली.

खटल्याआधी मालकाच्या कंपनीनं तडजोड पुढे केली. पैसे घ्या, आणि याबद्दल कुठंही बोलू नका.

"घेऊन टाक," रॉस्को म्हणाला. "ज्युरीतल्या पंचांनी हात वर केले तर काहीच मिळणार नाही."

"गप्प बसायचेच पैसे असतील, तर मी आजवर फुकटच बसले की रे," ती म्हणाली.

कोर्टात कंपनीच्या वकिलानं तिला विचारलं, "जागा वाईट आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी गेलात?"

ती पुटपुटली. न्यायाधीश म्हणाले, "बाई, मोठ्यानं सांगा." तिनं दोन्ही हात कठड्यावर ठेवले.

"भीती वाटायचीच, साहेब. पण दारावर पाटी होती, 'या, उघडं आहे.' कपडे तर धुवायलाच हवे होते. मी गेले."

शब्द मागच्या भिंतीपर्यंत पोचले. हा आवाज इतकी वर्षं आपल्याच घरात राहत होता, या विचारानं रॉस्को बाकावर पुढं सरकून बसला.

मधल्या सुट्टीत तो बाहेर आला आणि जागीच थबकला. कॉरिडॉरमध्ये क्लिओफस इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. त्याच्यामागे भिंतीलगत ज्या ज्या दारांवर ती गेली होती तिथली माणसं, आणि जिथं ती गेलीच नव्हती तिथलीही. शेवटी, दुभाष्याचा हात घट्ट धरून, एल्व्हिरा. चर्चमध्ये काढावी तशी रॉस्कोनं टोपी काढली.

एकेकानं साक्ष दिली. पंचांनी दोषाचा थोडा वाटा गोळी झाडणाऱ्यावर टाकला, मोठा वाटा मालकावर. आणि जागा ठाऊक असून गेली म्हणून एक चिमूटभर व्हर्लीनवरही. कंपनी वरच्या कोर्टात गेली, तिथंही हरली, मग तिनं पैसे भरले. व्हर्लीनचा पाय मात्र कायमचा लंगडा राहिला.

पंचांच्या निकालाच्या दुपारी परतताना रॉस्को म्हणाला, "चिमूटभर गुन्हेगार आहेस हं तू."

ती झोपली होती, तोंड किंचित उघडं. घरासमोर गाडी थांबवून त्यानं तिला उठवलं नाही. आत गारवा राहावा म्हणून इंजिन चालूच ठेवलं, आणि आपल्या शेजारी हे नक्की कोण बसलंय ते बघत राहिला.